पिस्तुलाची आगोट

मेचा शेवटचा आठवडा आला की माणगावच्या बाजारात ताडपत्रीवाल्याकडे आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे सारखीच गर्दी असते. आगोट आली म्हणजे चार महिन्यांची बेगमी आलीच. सोडे, सुकट, बोंबील शेवटचं ऊन खाऊन डब्यांत जातात, लाकडं पडवीत रचली जातात, मसाल्याच्या बरणीला दादरा बसतो. आमच्या घरी या यादीत एक वस्तू जास्तीची असते, ती म्हणजे पॉइंट टू टूचं टार्गेट पिस्तूल. आईने त्याची गणना फार पूर्वीच सुकटीत करून टाकली आहे. “ओल लागली की गेलं, आणि सारखं उघडून चिवडत बसलं तरी गेलं,” असं तिचं म्हणणं. मी सुरुवातीला हसलो होतो. दोन पावसाळे काढल्यावर हसू थांबलं, कारण या पिस्तुलाबद्दल मी वाचलेलं बहुतेक सगळं थंड, कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं होतं आणि आईचं वाक्य काळ नदीच्या काठावरचं होतं.

पॉइंट टू टू म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, म्हणजे जवळपास ५.६ मिलिमीटर. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला जाऊन ज्यांनी पालथं पडून पाच गोळ्या झाडल्या असतील, त्यांनी हेच काडतूस हाताळलेलं असतं. काडतूस पेटतं कुठून, यावरून त्याच्या दोन जाती पडतात. पोलिसांच्या पिस्तुलाचं किंवा लष्करी रायफलीचं काडतूस बुडाकडून पाहिलं तर मधोमध एक बारीक टोपी दिसते. पिन त्या टोपीवर आपटते. ही सेंटरफायर जात. पॉइंट टू टू दुसऱ्या, रिमफायर जातीचं. रिमफायरला अशी टोपी नसतेच. पितळेच्या नळकांड्याचा बुडाकडचा काठ बाहेर दुमडलेला असतो आणि आतून पोकळ असतो. कारखान्यात स्फोटकाचा ओला लगदा आत टाकून काडतूस गरकन फिरवतात, की लगदा त्या पोकळ काठात जाऊन बसतो. पिन काठाला चिरडते, लगदा पेटतो, त्याने दारू पेटते.

काठ चिरडता यावा म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पातळ पितळ फार दाब सोसत नाही. म्हणून रिमफायर काडतूस लहानच राहिलं, आणि त्याचं लहानपण हाच त्याचा गुण ठरला. पॅरिसच्या फ्लोबेरने १८४५ मध्ये या जातीचा पाया घातला. आज जगभर चालतं ते ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलं, म्हणजे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला त्या वर्षी. तेव्हापासून त्याचं मोजमाप जवळजवळ तेच आहे. गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, सोनाराच्या भाषेत पाव तोळ्याहूनही कमी. आतली दारू तर एक गुंजभरसुद्धा भरत नाही. स्पर्धेच्या दर्जाची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते, मुद्दामच आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू. आवाजाचा वेग ओलांडणारी गोळी पुन्हा त्याच्याखाली येताना डगमगते, आणि नेमबाजाला वेगापेक्षा सारखेपणा हवा असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे. ही गोळी नुसत्या शिशाची असते. तिला तांब्याचं कवच नसतं, असतो तो मेणाचा किंवा चरबीसारखा पातळ लेप, तोही बाहेरून, बोटाला लागेल असा.

आता ‘चांगलं’ पिस्तूल म्हणजे काय? २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नियम याचं अर्धं उत्तर देतात. पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, म्हणजे किलोभर पेढ्यांच्या खोक्यासारखी काहीतरी पेटी डोळ्यांपुढे आणा. वजन १४०० ग्रॅमच्या आत. नळी १५३ मिलिमीटरहून लांब नको. आणि ट्रिगर सुटायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. तपासणीच्या टेबलावर हा जोर मोजायची पद्धत आपल्या भाजीबाजारात शोभेल अशी आहे. एक किलोचं वजन ट्रिगरला अडकवायचं आणि नळी आकाशाकडे धरून पिस्तूल अलगद उचलायचं. वजन जमिनीवरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास.

उरलेलं अर्धं उत्तर त्या किलोभराच्या वाटणीत आहे. साध्या पिस्तुलाचा ट्रिगर सबंध वाटेत ओढावा लागतो, खरखरत जातो, आणि नेमका कधी सुटेल ते बोटाला कळत नाही. चांगल्या पिस्तुलात पहिला टप्पा सैल असतो. बोट तो आटोपून एका भिंतीपाशी येऊन थांबतं आणि मग उरलेल्या थोड्याशा दाबाने ट्रिगर काच तुटावी तसा सुटतो. पैसे मोजायचे ते या सुटण्याचे. नळी तर मध्यम पिस्तुलाचीही आपल्या हातापेक्षा जास्त अचूक असते. २५ मीटरवरच्या अचूक फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं, बऱ्यापैकी पेढ्याएवढं असतं. ते चुकलं तर दोष नळीचा नसतो, बोटाचा असतो.

या दर्जाची पिस्तुलं बनवणारी घराणी जगात मोजकीच आहेत. जर्मनीची वाल्थर, जिचं ‘जीएसपी’ १९६८ मध्ये आलं. स्वित्झर्लंडची हॅमर्ली, जिचं ‘२०८’ अजूनही जुने नेमबाज जपून वापरतात. इटलीची पार्दिनी, शिवाय मोरिनी, फाइनव्हर्कबाउ. माझ्या मते या कुळातली सगळ्यात नवलाची गोष्ट मात्र सोव्हिएत ‘मार्गोलिन’ची. हे पिस्तूल रचणारा मिखाईल मार्गोलिन तरुणपणी लढाईत डोक्याला झालेल्या जखमेने पूर्ण आंधळा झाला होता. आकार त्याने मातीसारख्या लगद्यात हाताने घडवले, चाचपून सुधारले, आणि नेमबाजीच्या या हत्याराला आकार दिला तो ज्याला लक्ष्य कधी दिसणारच नव्हतं अशा माणसाने. माझ्या हातातल्या मुठीचा कोन ठीक आहे की नाही, हे मी डोळे मिटूनच तपासतो. ती सवय त्याच्या गोष्टीतून आलेली आहे.

आपल्या मराठी मुलखाचं आणि या छोट्या काडतुसाचं नातं जुनं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात २०१३ च्या चांगवन विश्वचषकात सुवर्ण मिळवलं, आणि २२ ऑगस्ट २०१८ ला जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत पुन्हा. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, शूटऑफमध्ये पुन्हा बरोबरी झाली, आणि दुसऱ्या शूटऑफला निकाल लागला. पुण्याच्या खडकीची अनिसा सय्यद याच प्रकारात २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेची विजेती. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्राँझ रायफलीचं असलं तरी काडतूस तेच, काठ चिरडून पेटणारं पॉइंट टू टू.

माणगावात मात्र २५ मीटरची रेंज नाही. इथून दोन वाटा फुटतात. मुंबई-गोवा रस्त्याने वर गेलं की पनवेल, जिथे कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब १० मीटरच्या एअर रायफल-पिस्तुलासाठी नावाजलेला आहे. निजामपूरवरून ताम्हिणी चढून गेलं की बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. दोन्हीकडचं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि माणगावच्या नाक्यावर अडकणारा वेळ दोन्हीकडे वेगळा धरायचा.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय तासभर बोलण्यासारखा असला तरी त्यातली गंमत फक्त अर्जदारालाच वाटते. एअर पिस्तूल आणि हे पिस्तूल यांत कायद्याने मोठी दरी आहे. पॉइंट टू टू हे खरंखुरं अग्निशस्त्र. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम त्याला पूर्ण लागू होतात. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, पोलिसांची पडताळणी होते, आणि आमच्याकडून अर्ज जातो तो अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पनवेलकर याच जिल्ह्यातले असूनही त्यांचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षं चालतो. नेमबाजाने आधी संघटनेचं सभासदत्व, स्पर्धांतले गुण आणि प्रशिक्षणाची कागदपत्रं जमवावीत. या दर्जाची पिस्तुलं परदेशातून येत असल्यामुळे आयातीची वाटही याच कागदांवरून जाते. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली परवानाधारकाकडेच. दुरुस्ती करायची ती परवानाधारक कारागिराकडेच. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे न्यायचं नाही.

आता निगा. कोकणाला बंदूक नवी नाही. भातशेतीला रानडुक्कर आणि वानरांचा त्रास असल्यामुळे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक पुष्कळ वाड्यांवर होती, काही ठिकाणी अजून आहे. तिच्या निगेचं एक पक्कं शास्त्र होतं. बार काढला की त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, घासायची, कोरडी करून तेल द्यायचं. आळस केला की दोन दिवसांत नळीत तांबूस भुकटी. हे शास्त्र खरंच होतं, कारण काळी दारू जळल्यावर जी राख उरते ती क्षारांची असते, आणि ते क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. पुढे जुन्या काडतुसांच्या टोप्यांतही पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जो क्षार उरतो तो मिठाचाच सख्खा भाऊ. म्हणून लष्करातही नळी पाण्याने धुण्याची शिस्त होती.

१९२० च्या दशकात टोप्यांतली रसायनं बदलली आणि गंज न आणणारी मिश्रणं आली. आजच्या पॉइंट टू टूच्या जळीत तो क्षार नसतो. पण सवय पिढ्यान्‌पिढ्या उतरते. पिस्तूल हातात आल्यावर मीही प्रत्येक सरावानंतर नळी घासघासून चकचकीत करायचो, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या आठ-दहा गोळ्या भलतीकडे का जातात म्हणून ट्रिगरला दोष द्यायचो. कारण साधं होतं. झाडलेली प्रत्येक गोळी नळीत आपल्या मेणाचा एक पातळ थर ठेवून जाते आणि पुढची गोळी त्याच थरावरून सरकते. थर सारखा झाला की गोळ्याही सारख्या जातात. नळी घासून कोरी केली की तो थर पुन्हा बसेपर्यंत घर बदललेल्या मांजरासारखी गोळी भरकटते.

त्यापेक्षा वाईट म्हणजे घासण्याने होणारी इजा. मऊ शिशाची मेण लावलेली गोळी पोलादाची नळी झिजवायला फार फार वर्षं घेते. पण तोंडाकडून घातलेली पोलादी कांडी नळीच्या ओठावर रोज थोडी थोडी घासत राहिली, तर ओठ वाकडा व्हायला तेवढं पुरतं. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू त्या ओठावरून सगळ्या बाजूंनी एकदम सुटावा लागतो. एका बाजूला बारीकशी खोक पडली तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला ढुशी देतो. म्हणून नळी साफ करायची ती मागून पुढे, काडतूस बसतं त्या चेंबरकडून तोंडाकडे, आणि शक्यतो लवचीक दोरीने. एनसीसीवाल्यांना पुलथ्रू आणि चिंदी आठवत असेल. तेच तंत्र, फक्त चिंदीच्या जागी आता लोकरीच्या नमद्याच्या छोट्या गोळ्याही मिळतात. मी तीन-चारशे गोळ्यांनंतर एकदा नळी साफ करतो. कुणी जास्त करतं, कुणी कमी. यात भांडण्यासारखं काही नाही.

खरी घाण नळीत नसतेच. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा बोल्ट रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो आणि त्याबरोबर न जळलेली दारू, मेण, शिशाची वाफ असा काळा चिकट बुकटा मागच्या भागात पसरतो. काडतूस ओढणाऱ्या आकड्याच्या खाली, बोल्टच्या तोंडावर, मॅगझिनच्या ओठांत तो साचतो. रिमफायर पिस्तूल अडकतं ते बहुतेक वेळा इथेच. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, मॅगझिन बाजूला ठेवून, दात घासायचा जुना ब्रश आणि लाकडी दातकोरणं घेऊन पाच मिनिटं इथे घालवली, तर नळीवर घालवलेल्या तासाभरापेक्षा ती जास्त फळतात. हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नये. तो बुकटा शिशाचा आहे आणि लहान पोरांच्या वाढीला शिसं फार वाईट. रेंजवरून आल्यावर आधी साबणाने हात, मग वडापाव. हा क्रम मोडणारे नेमबाज मी पाहिले आहेत आणि त्यांत एके काळी मीही होतो.

पण माणगावात या सगळ्याच्या वरचढ एक गोष्ट आहे, ती म्हणजे हवा.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस नव्वदीत असते. लोखंड गंजायला पावसाचा थेंब पडावा लागत नाही. साठ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी पाण्याची साय धरू लागते, आणि त्यात घामाचं मीठ मिसळलेलं असेल तर गंजाला आयतं मैदान मिळतं. पिस्तुलाचा काळा-निळसर रंग म्हणजे रंग नसतोच. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड असतो, मुद्दाम घडवलेला, गंजाचा शहाणा भाऊ म्हणा. आमच्याच तालुक्यात विळे भागाडच्या कारखान्यात पोलादी पत्र्याला जस्ताचं कातडं चढवून गंजापासून वाचवतात. पिस्तुलाच्या मापात तसलं जाड कातडं बसत नाही. हा ऑक्साइड सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो आणि तेवढ्यापुरतंच रक्षण करतो.

माझी पहिली चूक पेटीची. पिस्तुलाबरोबर आलेली पेटी देखणी होती, आत त्याच्याच आकाराचा काळा स्पंज कापलेला. जूनमध्ये पिस्तूल तेल लावून त्यात ठेवलं, गणपतीत उघडलं. स्पंज जिथे जिथे टेकला होता तिथे तिथे तपकिरी ठिपके, जणू कुणी राखेत बोट बुडवून उमटवलेले. स्पंज ओल पितो आणि धातूला चिकटवून ठेवतो. चामड्याचं म्यानही तसंच. पेटी प्रवासासाठी असते, मुक्कामासाठी नव्हे. डब्यात सुकट भरताना आई तळाशी कागद घालते, पण सुकटीवर ओलं फडकं कधी टाकत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी चूक ताम्हिणीच्या वाटेवरची. बालेवाडीहून परत येताना गाडीत एसी, पिस्तूल मागच्या सीटखाली गारेगार. घरी येऊन पेटी तशीच कपाटात. जुलैत आमच्याकडे हवा २६ अंशांची आणि पंचाण्णव टक्के ओली असेल, तर पंचवीस अंशांहून थंड कुठल्याही वस्तूवर दव धरतं. चष्मेवाल्यांना हे समजावावं लागत नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या काच धुरकटते, तेच पिस्तुलाच्या आत, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत, नळीत घडतं, फक्त दिसत नाही. उपाय उलटा वाटेल असा आहे. घरी आल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. तासभर बंद ठेवून आतलं लोखंड खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मग उघडायचं, पुसायचं, आणि पेटीबाहेर ठेवायचं. शेवटच्या अर्ध्या तासात एसी बंद करणं तर फुकटचा उपाय.

तिसरी गोष्ट कपाटाची. बंद हवेचं तापमान पाच अंशांनी वाढवलं तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता पंचाण्णववरून सत्तरीच्या आसपास येते, कारण गरम हवेला पाणी धरायची भूक जास्त. जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याचे मुडे आणि कडधान्यं ठेवत ती याच कारणाने. मुंबईतले जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या कपाटात पंधरा वॉटचा दिवा जळता ठेवत, भिंगांना बुरशी लागू नये म्हणून. माझ्या लोखंडी कपाटातही तसाच दिवा होता. तो गेला आणि मी हौसेने एलईडी बसवला. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. कपाट छान उजळलं आणि आत ओल धरली. आता तिथे ऊब देणारी छोटी विजेची कांडी आहे, आणि वीज जाते तेव्हासाठी सिलिका जेलची थैली. सिलिका फक्त घट्ट बंद जागेत कामाची, उघड्या कपाटात ती सगळ्या माणगावची हवा कोरडी करायला निघते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नयेत. नारिंगी दाणे घ्यावेत, आणि तेही वेगळ्या भांड्यात तापवावेत. काहीजण तांदळाची पुरचुंडी सुचवतात. ज्या महिन्यात तांदळालाच टोके होतात, त्या महिन्यात त्याच्यावर काय विसंबायचं?

तेलाची गोष्ट आईच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे, चिवडत बसण्याच्या. घाबरलेला माणूस तेल ओततो. जास्तीचं तेल न जळलेल्या दारूला धरून खळ तयार करतं, बोल्ट जड करतं, ट्रिगरच्या यंत्रणेत झिरपून त्याचं काच तुटल्यासारखं सुटणं मेणासारखं मऊ करतं, आणि चेंबरमधून काडतुसाच्या काठात शिरलं तर काडतूस मारतं. खोबरेल तर नकोच. खाद्यतेलं खवट होतात, चिकटतात, आणि खोबरेल डिसेंबरच्या पहाटे थिजतं. शिलाई मशीनला घालतात तसलं पातळ खनिज तेल, चिंदीवर एक थेंब, आणि ती चिंदी बाहेरून फिरवायची. बोटाचा ठसा राहू द्यायचा नाही. काही माणसांच्या घामाने रात्रीत ठसा उमटतो, काहींच्या घामाने आठवडाभर काही होत नाही. माझा पहिल्या जातीतला. ट्रिगरला तेल द्यायचं ते बनवणाऱ्याने सांगितलं असेल तिथेच, सांगितलं असेल तेवढंच. आणि नेम धरायच्या आधी नळीतून एक कोरडी चिंदी काढायची. तेलकट नळीतली पहिली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि तिचं दुखणं वेगळंच. नेमबाज ती आपल्या हाताच्या मापाने कानशीने कोरतो, कुठे लाकडाची पुट्टी भरतो, तेव्हा कुठे ती हातात बसते. जूनमध्ये लाकूड फुगतं. केसाएवढाच फरक, पण तळव्याला तो कळतो आणि मार्चमध्ये बसलेली मूठ ऑगस्टमध्ये परक्याची वाटते. पहिल्या वर्षी मी ती ऑगस्टमध्ये घासली. डिसेंबरमध्ये लाकूड सुकलं आणि मूठ ढिली पडली. आता पावसाळ्यात कानस हातात घेत नाही. जवसाच्या तेलाचे दोन हात एप्रिलमध्येच देऊन टाकतो आणि मुठीचे स्क्रू दर महिन्याला तपासतो, जास्त आवळत नाही.

पावसाळ्यात रेंजवर जाणं कमी होतं, म्हणून घरी ‘ड्राय’ वाढतं, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवरच्या टिंबावर ट्रिगरचा सराव. इथे रिमफायरची रचना आडवी येते. सेंटरफायरमध्ये पिन मोकळ्या जागेत जाते. रिमफायरमध्ये काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. पिन बोथट होते, काठाला खळगी पडते, आणि मग काडतुसं आत अडकू लागतात. कित्येक नव्या पिस्तुलांत पिन न सोडता ट्रिगरचा सराव करायची सोय असते, ती आपल्या पिस्तुलात आहे का हे पुस्तिकेत बघावं. नसेल तर चेंबरमध्ये सरावाचं प्लास्टिकचं काडतूस घालावं. अमेरिकेतले नेमबाज स्क्रूआधी भिंतीत घालायचा प्लास्टिकचा प्लग वापरतात आणि तोही चालतो. खरी काडतुसं मात्र सरावाच्या खोलीतच नकोत. ती दुसऱ्या कुलपात, मूळ खोक्यात, कोरड्या जागी. जमिनीवर पडलेलं काडतूस पुन्हा भरू नये. मेणाला चिकटलेला वाळूचा एक कण नळीतून गोळीबरोबर जातो, आणि शिसं जे करू शकत नाही ते तो करतो.

एवढा उपद्व्याप कशासाठी, हे ज्याला विचारायचं असेल त्याने २५ जुलै २०२१ चा टोकियोमधला दिवस आठवावा. मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडलं. रौनक पंडित तेव्हा तिच्यासोबत प्रशिक्षक होते. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटरफायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवणाऱ्या अशोक पंडितांचे ते चिरंजीव. दुरुस्ती झाली, ती परत येऊन खेळली, ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी गेली. तिच्या निगेत कसूर होती असं मुळीच नाही. यंत्र यंत्रासारखं वागलं. पण २५ मीटरच्या फेरीत पिस्तूल अडकलं तर हात वर करून पंचांना बोलवायचं असतं, ते बिघाड आपल्या चुकीने झाला की यंत्राच्या, हे ठरवतात, आणि अशी सवलत एका टप्प्यात एकदाच मिळते. आकड्याखालचा बुकटा काढला नव्हता, हे कारण तिथे कुणी ऐकत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन, स्कूटर अशी सगळी पूजेला मांडली जातात. त्या दिवशी पिस्तूलही कपाटातून काढतो. टॉर्चने नळीत बघतो, कोरडी चिंदी ओढतो, ती फिकट पिवळी निघाली की पावसाळा सुखरूप गेला. आई हळदकुंकू लावते ते पिस्तुलाला नाही, पेटीला, कारण ओलं कुंकू आणि झेंडूची ओली पाकळी रात्रभर पोलादावर राहिली तर काय होतं ते तिला विळीवरून माहीत आहे. गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी बालेवाडीला गेलो. पहिल्या पाच गोळ्या खाली डावीकडे भरकटल्या, सहावी आठात, नववी दहात. शेजारच्या लेनवरच्या मुलीने विचारलं, “काका, साइट हलवली का?” म्हटलं, नाही, नळीला मेण लागायचं होतं.